ड्रेन बोल्टचे आटे गेलेली एटीव्ही : एका दुरुस्तीची हकिकत

अलिबाग तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारायला दिल्या जाणाऱ्या चार एटीव्हींपैकी (वाळूत, खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या चार चाकी उघड्या गाड्यांपैकी) एक गाडी दिवाळीच्या सुट्टीच्या आठवडाभर आधी टेम्पोत घालून माझ्या वर्कशॉपमध्ये आणण्यात आली. मालकाची तक्रार थोडक्यात होती : “दादा, मागच्या वेळी तेल बदललं तेव्हापासून खालून ठिबकतंय, आणि बोल्ट कितीही फिरवला तरी आवळतच नाही.” इंजिन एका सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे, अडीचशे सीसीच्या वर्गातले होते; त्यात सुमारे दीड लिटर तेल बसत असे आणि ते आता निम्म्याच्या आसपास उरले होते. गाडी या अवस्थेत चार दिवस वाळूत फिरली होती, तरी आतून कोणताही वेगळा आवाज येत नव्हता, ही नशिबाची गोष्ट म्हणावी लागेल.

पहिला अर्धा तास बोल्टकडे पाहण्यातही गेला नाही, कारण बोल्ट दिसतच नव्हता. एटीव्हीच्या पोटाखाली दगड-धोंड्यांपासून संरक्षणासाठी जो पत्रा असतो, त्याला ड्रेन बोल्टच्या, म्हणजे तेल काढण्याच्या भोकाच्या बोल्टच्या, समोर एक गोल भोक ठेवलेले असते. त्या भोकातून सॉकेट आत जाते, पण नजर जात नाही. तेल बदलणारा माणूस पत्रा न काढता अंदाजाने बोल्ट लावतो, तो वाकडा चढला तरी कळत नाही, आणि भोवतीच्या खाचेत साचलेली वाळू बोल्टबरोबर आट्यांत शिरते. पत्रा काढल्यावर बोल्टच्या डोक्याभोवती इपॉक्सीचा राखाडी लगदा थापलेला दिसला आणि त्याच्या कडेने तेल पाझरत होते. मालकाला विचारल्यावर आधी कोणी तरी आट्यांवर पांढरी टेप गुंडाळूनही पाहिल्याचे समजले. ती टेप पुढे कुठे सापडली, ते यथावकाश येईलच.

लगदा खरवडून बोल्ट बोटांनीच बाहेर आला. त्याच्या खोबणीत ॲल्युमिनियमची एक चंदेरी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती. तीच केसिंगचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या ओतीव कवचाचे, आटे होती. बोल्ट १२ मिमीचा, दीड मिमी पिचचा (पिच म्हणजे लागून असलेल्या दोन आट्यांमधले अंतर), म्हणजे कारखान्याच्या भाषेत एम-१२ गुणिले १.५ होता. केसिंगच्या ज्या जाड गोल उंचवट्यात तो बसतो, त्याची खोली १६ मिमी आणि बाहेरचा व्यास २४ मिमी भरला. बोल्टची आट्यांची लांबी मात्र १२ मिमीच होती, म्हणजे पकडीला जेमतेम आठ फेरे. त्यांपैकी तोंडाकडचे सहा पूर्ण साफ झाले होते आणि आतले दोन अर्धवट उरले होते. सर्वांत आतल्या ४ मिमीमध्ये न वापरलेले आटे शाबूत होते, म्हणून लांब बोल्ट लावून वेळ मारून नेण्याची सूचना माझ्या मदतनीसाने केली. परंतु तीन फेऱ्यांच्या पकडीवर इंजिनाचे सगळे तेल टांगून ठेवणे मला मान्य नव्हते, आणि लांब बोल्टचे टोक आत कशाला टेकेल याचीही खात्री नव्हती.

दुरुस्तीकडे वळण्याआधी हे आटे का गेले, याचा उलगडा करणे मला आवश्यक वाटले, कारण त्याच मालकाच्या आणखी तीन गाड्या तेल बदलणाऱ्या त्याच माणसाच्या हाताखाली होत्या. उत्तर बोल्टमध्ये नव्हते, वॉशरमध्ये होते. तांब्याचा वॉशर चपटा होऊन एका बाजूला कागदासारखा पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड झाला होता. तांबे दाबले गेले की कडक होते. एकदा दाबला गेलेला वॉशर दुसऱ्या वेळी तेवढ्याच जोराने पृष्ठभागाशी जुळून येत नाही आणि थेंब गळू लागतो. जुने मेकॅनिक असा वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकत, त्याने तांबे पुन्हा मऊ होते, आणि ही पद्धत आजही योग्यच आहे. इथे मात्र थेंब दिसला की पाना आणखी थोडा ओढायचा, एवढाच उपाय दर वेळी केला गेला होता. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे हंगामात महिन्याला एकदा तेल बदलले जाई आणि वॉशर कधीच बदलला गेला नव्हता.

या ओढण्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये या मापाच्या ड्रेन बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर एवढाच पीळ द्यायचा असतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर बारा-तेरा किलोचा जोर दिला की तो पूर्ण होतो आणि बोल्ट सुमारे एक टन ताणाने वॉशर दाबून धरतो. त्याच पान्यावर पाईप चढवून लांबी ६० सेंटिमीटर केली, तर हाताला तोच जोर जाणवत असताना बोल्टवरचा पीळ ७५ न्यूटन-मीटर होतो आणि ताण तीन टनांवर जातो. पोलादी बोल्टला त्याचे फारसे काही वाटत नाही, ओतीव ॲल्युमिनियमचे आटे मात्र हळूहळू वाकत जातात, आणि एके दिवशी हाताला आधीपेक्षा हलके लागते. ज्याच्या हातून शेवटी आटे सुटतात त्याच्यावर खापर फुटते, परंतु बहुतेक वेळा तो आधीच्या पाच-सहा वेळांचे देणे फेडत असतो. म्हणून मालकाने ज्या पोराला कामावरून काढण्याची भाषा केली होती, त्याचा यात फार थोडा भाग आहे, असे मी मालकाला स्पष्ट सांगितले.

आता उपाय कोणता करावा, हा प्रश्न होता. केसिंग उतरवून भोक आर्गन वेल्डिंगने भरणे आणि नव्याने टॅप मारणे (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचे हत्यार) हा उपाय ऐकायला सर्वांत पक्का वाटतो, पण त्यासाठी इंजिन पूर्ण खोलावे लागते, वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये वेल्ड सच्छिद्र होतो, आणि उष्णतेने केसिंगचा पृष्ठभाग वाकला तर एका भोकासाठी अख्खे इंजिन बिघडते. रबरी फुगीर बूच हे टेम्पोत घालून घरी आणण्यापुरतेच असते. राहता राहिले दोन उपाय : भोक मोठे करून एम-१४ चा बोल्ट लावणे, किंवा हेलिकॉइल (मोठ्या केलेल्या भोकात बसवायची, स्प्रिंगसारखी स्टेनलेस तारेची गुंडाळी, जिच्या आतले फेरे नवे आटे होतात) बसवून मूळ एम-१२ चाच बोल्ट ठेवणे.

हेलिकॉइलला केसिंगचा कमी धातू लागतो, असा सार्वत्रिक समज आहे आणि मीही तो बराच काळ बाळगून होतो. प्रत्यक्षात दीड मिमी पिचच्या एम-१२ हेलिकॉइलसाठी भोक साधारण १२.५ मिमीचे करावे लागते आणि तिच्या खास टॅपने पडणाऱ्या आट्यांचा बाहेरचा व्यास १३.९५ मिमी येतो. एम-१४ गुणिले १.५ साठीही भोक १२.५ मिमीचेच लागते आणि आट्यांचा व्यास १४ मिमी येतो. म्हणजे धातू दोन्हीकडे जवळपास सारखाच जातो आणि २४ मिमीच्या उंचवट्यात भोवती पाच मिमीची भिंत दोन्हीकडे उरते. याचा एक फायदा असा, की उद्या हेलिकॉइल दगा देऊन बाहेर आली, तर त्याच भोकात एम-१४ चा टॅप फिरवून मोठा बोल्ट लावता येतो. उलट क्रमाने हे शक्य होत नाही. (याच जवळिकीमुळे काही जण खास टॅप विकत न घेता हेलिकॉइलसाठी सरळ एम-१४ चा टॅप मारतात. भोक पाच शतांश मिमीने मोठे होते, कॉइलचा बाहेरचा दाब तेवढा कमी होतो आणि मग ती बोल्टबरोबर बाहेर येते. ही काटकसर करू नये.)

माझा कौल हेलिकॉइलच्या बाजूने गेला तो वेगळ्या कारणाने. किनाऱ्यावरच्या या गाडीचा बोल्ट दर महिन्याला उघडला जाणार आहे. एम-१४ चा बोल्ट लावला तरी आटे ॲल्युमिनियमचेच राहतात आणि तीच गोष्ट पुन्हा सुरू होते. हेलिकॉइलमध्ये बोल्ट स्टेनलेस तारेच्या गुळगुळीत आट्यांत फिरतो आणि तार ॲल्युमिनियममध्ये एकदा बसली की हलत नाही. शिवाय बोल्ट मूळ मापाचा राहिल्यामुळे पुढे दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी गेली, तरी त्याला कोड्यात पडावे लागत नाही. गाडी महिन्यातून एकदा न उघडता वर्षातून एकदा उघडली जाणार असती, तर मी एम-१४ च लावला असता. कॉलर असलेला भरीव स्टीलचा बुश (आतबाहेर आटे असलेली जाड नळी) हा तिसरा पर्याय गळतीच्या दृष्टीने हेलिकॉइलपेक्षाही सरस असतो, पण त्याचे या मापाचे साहित्य मुंबईहून मागवेपर्यंत सुट्टी संपली असती.

प्रत्यक्ष कामात सर्वांत मोठी भीती आटे चुकण्याची नव्हती, कीस आत जाण्याची होती. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, त्यामुळे चुंबक असलेला ड्रेन बोल्ट त्याच्या बाबतीत काहीच कामाचा नसतो, आणि तेलाच्या पंपाने तो खेचला तर बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. गाडी मागच्या कॅरिअरवर उभी करून भोक आडवे करावे, म्हणजे हाताला सोपे जाते, असे सुचवले जाते. मी ते मुद्दाम टाळले. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उंच ठेवून, खाली झोपून, भोक तोंड खाली असतानाच काम केले, म्हणजे कीस गुरुत्वाकर्षणानेच बाहेर पडतो. त्यात भर म्हणून तेल भरण्याच्या तोंडात चिंधी गुंडाळून कॉम्प्रेसरची नळी अगदी मंद दाबाने लावली आणि इंजिनाची श्वासनळी चिमट्याने बंद केली. हवा ड्रेनच्या भोकातून सतत खाली येत राहिली आणि तिने बारीक चुरीही आत चढू दिली नाही. डोळ्यांवर चष्मा नसेल तर हे करू नये, कारण ती सगळी चुरी तोंडावरच पडते.

आटे मारण्याआधी वॉशर बसतो तो पृष्ठभाग तपासला. त्यावर वॉशरच्या कडेचे एक खोल वळ उठले होते. सपाट पोलादी चकतीला बारीक पॉलिश पेपर चिकटवून, रॉकेलाचा हात देत, तो पृष्ठभाग वळ नाहीसे होईपर्यंत घासून घेतला. त्यानंतर लेथवाल्याकडून करून आणलेला एक बुश त्या पृष्ठभागावर टेकवला. त्याच्या मधल्या १२.५ मिमी भोकातून ड्रिल सरळ वर जाते, तिरके जाऊ शकत नाही. ड्रिल मशिनवर मात्र लावले नाही. आटे गेलेल्या भोकाचा व्यास आधीच १२ मिमीच्या जवळ आलेला होता, कापायचा धातू पाव मिमीइतकाच होता, आणि अशा पातळ कापात मशिनवरचे ड्रिल मऊ ॲल्युमिनियममध्ये स्वतःला खेचून घेते. ड्रिलवर २० मिमीवर चिकटपट्टीची खूण करून ते टॅपच्या हँडलमध्ये पकडले आणि हाताने फिरवले. त्याला दहा मिनिटे लागली.

टॅप मारताना त्याच्या खाचांत ग्रीस भरले आणि धारेला रॉकेल लावले. ॲल्युमिनियमला रॉकेलाइतके चांगले दुसरे काही मानवत नाही, आणि ग्रीस कीस धरून ठेवते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून, पुसून, नवे ग्रीस भरून पुन्हा, असे करत करत पाऊण तास गेला. सरळपणासाठी सुरुवातीचे चार फेरे दुसऱ्या, १४ मिमी भोकाच्या बुशातून घेतले. टॅप बाहेर आल्यावर तोंडाची धार मोडण्यापुरता हलका हात दिला. इथे काउंटरसिंक मारून तोंडाशी छान मोठा उतार पाडण्याचा मोह बहुतेकांना होतो, पण त्या उतारात वॉशरची बैठकच नाहीशी होते. आतला भाग चिंधीने पुसून, कोरडा करून, १२ मिमी लांबीची कॉइल तिच्या हत्याराने चढवली आणि पृष्ठभागापासून अर्धा फेरा आत थांबवली, म्हणजे तारेचे टोक वॉशरला भिडणार नाही.

कॉइल चढवण्यासाठी तिच्या आतल्या टोकाला एक आडवी जीभ असते आणि काम झाल्यावर ती तोडावी लागते. लहान मापांत ती पंचने ठोकून तोडतात, आंधळ्या भोकात ती तशीच राहिली तरी बिघडत नाही. इथे ठोकली असती तर ती सरळ इंजिनात गेली असती, आणि स्टेनलेसचा तो तुकडा चुंबकाला नीट धरत नाही. म्हणून लांब नाकाच्या पक्कडीत ती घट्ट धरून खालीवर वाकवली. तिसऱ्या वाकवणीला ती तुटून पक्कडीतच राहिली आणि ती मी मालकाच्या हातावर ठेवली, कारण ती बाहेर आली आहे याची खात्री त्यालाही असायला हवी होती.

नवा तांब्याचा वॉशर लावून बोल्ट टॉर्क पान्याने २२ न्यूटन-मीटरवर आवळला, जुने पण गाळलेले तेल एक लिटर भरले, खाली पांढरा कागद ठेवून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी कागदावर रुपयाच्या नाण्याएवढा डाग होता.

हे माझ्या हिशेबात बसत नव्हते. पृष्ठभाग सपाट होता, वॉशर नवा होता, पीळ बरोबर होता. गळती कुठून आहे ते पाहण्यासाठी भोवतीचा भाग पेट्रोलने पुसून कोरडा केला आणि त्यावर अंगाला लावायची टाल्कम पावडर फुंकली. दहा मिनिटांनी पावडरीत एक काळी रेघ उमटली ती वॉशरच्या कडेखालून, एकाच बाजूने. बोल्ट उघडून वॉशर मोजला तेव्हा चूक लक्षात आली आणि ती माझीच होती. वॉशर मूळ मापाचा, १२ बाय १८ मिमीचा होता. मूळ भोक १२ मिमीचे असताना त्याला भोवती तीन मिमी रुंदीची बैठक मिळत होती. आता भोक १४ मिमीचे झाले होते, धार मोडल्यामुळे तोंडाशी साडेचौदा. त्यामुळे बैठक पावणेदोन मिमीवर आली होती, आणि वॉशर बोल्टवर किंचित एका बाजूला सरकलेला असल्याने त्या बाजूला तर ती सव्वा मिमीच उरली होती. हेलिकॉइलची तार स्वतः तेल अडवत नाही, तिच्या मागच्या सर्पिल फटीतून तेल वॉशरपर्यंत येतेच. अडवण्याचे सगळे काम वॉशरचे असते. कॉइल बसवण्याच्या सूचनांत ड्रिल आणि टॅपची मापे असतात. वॉशरची बैठक किती उरेल, हे ज्याचे त्याला मोजावे लागते.

बोल्टच्या डोक्याची चकती २१ मिमीची असल्यामुळे १२ बाय २० मिमीचा वॉशर तिच्याखाली पुरता झाकला जात होता. तो तांब्याऐवजी मऊ ॲल्युमिनियमचा घेतला आणि बोल्टवर मधोमध राहील असे पाहून २२ न्यूटन-मीटरवरच आवळला. बैठक पावणेतीन मिमी झाली. दुसऱ्या रात्रीचा कागद कोरडा निघाला.

मग आत राहिलेल्या गोष्टींचा समाचार घेतला. एक लिटर डिझेलमध्ये थोडे तेल मिसळून ते इंजिन चालू न करता वरून ओतले आणि पातळ सुती कापडातून परातीत काढून घेतले. कापडावर चार-पाच चंदेरी कण मिळाले. उजव्या बाजूचे कव्हर खोलून तेलाची जाळी काढली, तर तिच्यावर पांढऱ्या टेपचे तंतू केसांच्या गुंत्यासारखे चिकटलेले होते आणि जाळीचा जवळपास एक तृतीयांश भाग त्यांनी झाकला होता. गळती थांबवण्यासाठी गुंडाळलेल्या त्या टेपने आणखी महिनाभरात गळतीपेक्षा मोठे नुकसान केले असते. जाळी धुऊन, कव्हरला नवे गॅस्केट लावून, स्वस्त तेलावर इंजिन पाच मिनिटे मंद चालवले, ते तेल गरम असतानाच पुन्हा कापडातून काढले, आणि कापड स्वच्छ निघाल्यावर नेहमीचे तेल भरले. एकूण दोन दिवस गेले. त्यांतला आट्यांचा भाग अर्ध्या दिवसाचा होता.

गाडी परत देताना १२ बाय २० चे दहा वॉशर एका पिशवीत घालून ती सीटखाली बांधून दिली आणि पोटाच्या पत्र्यावर भोकाशेजारी २२ हा आकडा पंचने कोरला. खाऱ्या पाण्याने पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यात गंज धरतो, म्हणून तेल बदलताना पत्रा काढून त्या खाचेतली वाळू गोड्या पाण्याने धुवावी, हेही सांगितले. त्या हंगामात तिचे तेल पाच वेळा बदलले गेले. पाचव्या वेळी मी स्वतः पाहिले, तेव्हा कॉइल जागेवरच होती आणि बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी चढत होता.

बाकीच्या तीन गाड्यांपैकी दोन ठीक निघाल्या. तिसरीच्या बोल्टच्या खोबणीत चंदेरी भुकटी होती आणि तोंडाकडचे दोन आटे दबलेले होते, पण आतले सहा धड होते. तिला नवा वॉशर लावून बोल्ट २० न्यूटन-मीटरवर ठेवला आहे आणि पावसाळ्यात गाड्या बंद झाल्या की तिचे केसिंग उघडायचे ठरले आहे. तोपर्यंत कॉलरवाला बुश मागवून ठेवता येईल.